आपल्या वस्तीचा अभ्यास छापून येतो तेव्हा

दुपारची वेळ असते. कामावर गेलेली माणसे परतलेली नसतात. समाजमंदिरापाशी पांढरा कोट घातलेली दोन-तीन मुले-मुली येतात, सोबत ओळखीच्या आशाताई असतात. हातात फायली, वजनकाटा, बीपीचे यंत्र, कधी रक्त घ्यायच्या नळ्या. "मावशी, सर्व्हे आहे, थोडी माहिती सांगता का?" घरात माणसे किती, महिन्याची कमाई किती, संडास घरात की सार्वजनिक, मिसरी लावता का, पाळी वेळेवर येते का, असे पन्नास प्रश्न होतात. शेवटी एका कागदावर सही, नाहीतर अंगठा. मुले निघून जातात. पुढे त्या कागदाचे काय झाले, हे सांगायला सहसा कोणी परत येत नाही, आणि आपणही विचारत नाही.

आपल्या जिल्ह्यात हे नवे नाही. लोणीला आणि विळद घाटात वैद्यकीय महाविद्यालये आहेत, नर्सिंगची महाविद्यालये अनेक ठिकाणी आहेत. तिथल्या विद्यार्थ्यांना लोकांमध्ये जाऊन पाहणी करावी लागते, एमडी-एमएस करणाऱ्यांना प्रबंध लिहावा लागतो. माहिती गोळा होते ती गावात, वस्तीवर आणि दवाखान्याच्या रांगेत. तिचा पुढे शोधनिबंध होतो. तो वैद्यकीय नियतकालिकाकडे, म्हणजे जर्नलकडे पाठवला जातो आणि स्वीकारला गेला तर छापून येतो. त्यावर कुणाला पदवी मिळते, कुणाला बढती मिळते, आणि कधी कधी सरकारचे धोरणही ठरते.

हे सगळे सचोटीने व्हावे यासाठी जे नियम आहेत, त्यांना प्रकाशन-नीती म्हणतात. हा विषय डॉक्टरांचा आहे, आपला काय संबंध, असे वाटेल. पण निबंधातला प्रत्येक आकडा कुणाच्या तरी घरातून आलेला असतो. शिवाय आता आपली मुले-मुली नर्सिंगला, बीएएमएसला, एमबीबीएसला जाऊ लागली आहेत. एकाच घरात माहिती देणारी आजी आणि निबंध लिहिणारी नात असू शकते. म्हणून या वेळचे हे पान दोघींसाठी आहे.

छापल्याने काय होते?

अभ्यास छापून येतो याचा लोकांना काय उपयोग, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे एक उत्तर गडचिरोलीत सापडते. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी तिथल्या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ च्या जानेवारीत तो अभ्यास 'लॅन्सेट' या ब्रिटनमधल्या नामांकित जर्नलमध्ये छापून आला. ९२ टक्के स्त्रियांना अंगावरून जाणे, जंतुसंसर्ग, पाळीच्या तक्रारी असा कोणता ना कोणता स्त्रीरोग होता. त्याआधी कधीतरी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या फक्त ८ टक्के. आयाबहिणी जे दुखणे तोंड मिटून सोसत होत्या, ते जगासमोर आकड्यांत आले. ग्रामीण बाईचे आरोग्य म्हणजे फक्त बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, असे मानणाऱ्यांना त्यानंतर तसे म्हणणे अवघड झाले.

दुसरे उत्तर आपल्याच जिल्ह्यातले आहे. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावाने निवडलेल्या बायकांना तिथे आरोग्याचे शिक्षण मिळाले. त्यांतल्या अनेक जणी दलित समाजातल्या होत्या, अनेकींना लिहितावाचताही येत नव्हते. त्यांनी बाळंतपणे केली, जुलाब झालेल्या मुलांना मीठ-साखरेचे पाणी पाजायला शिकवले, गरोदर बायकांची काळजी घेतली. प्रकल्पाच्या गावांत मुले कमी दगावू लागली, असे संस्था सांगत होती. पण संस्थेने स्वतःच्या कामाबद्दल सांगणे वेगळे आणि पद्धतशीर तुलना करून तपासणे वेगळे. ती तुलना पुढे झाली. प्रकल्पातली गावे आणि आसपासची प्रकल्पाबाहेरची गावे शेजारी ठेवून पाहिली गेली आणि २०१० मध्ये तो अभ्यास जागतिक आरोग्य संघटनेच्या बुलेटिनमध्ये प्रसिद्ध झाला. पाच वर्षांखालच्या मुलांच्या मृत्यूचा धोका प्रकल्पाच्या गावांत सुमारे ३० टक्क्यांनी कमी दिसला. गावातल्या बाईच्या हातून झालेल्या कामाला आता पुरावा होता, आणि तो दुसऱ्या देशांतल्या लोकांनाही वाचता येत होता.

दारातून जर्नलपर्यंत

आता हा कागद कोणत्या वाटेने जातो ते पाहू.

अभ्यास सुरू होण्याआधी त्याचा आराखडा एथिक्स कमिटीपुढे, म्हणजे नैतिकता समितीपुढे जातो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, २०१७ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांप्रमाणे या समितीत ७ ते १५ सदस्य असतात. डॉक्टरांबरोबर कायदा जाणणारी व्यक्ती, समाजशास्त्राची जाणकार व्यक्ती आणि एक सर्वसामान्य नागरिक असावा लागतो. अध्यक्ष त्या संस्थेबाहेरचा हवा. समितीची मंजुरी मिळाल्यावरच पाहणी करणाऱ्यांनी आपल्या दारात यायचे असते.

मग संमती घेतली जाते. संमतीपत्र आपल्याला समजणाऱ्या भाषेत हवे. वाचता येत नसेल तर कुणा तटस्थ साक्षीदारासमोर वाचून दाखवायचे, मग अंगठा घ्यायचा. लहान मुलाबाबत आई-वडिलांची संमती लागते, आणि सात वर्षांपुढच्या मुलाला त्याच्या भाषेत समजावून त्यालाही विचारावे लागते. आपण नकार देऊ शकतो, मधेच बाहेर पडू शकतो. त्यामुळे दवाखान्यातले उपचार बंद करण्याचा अधिकार कुणालाही नाही.

नव्या औषधाची किंवा उपचाराची चाचणी असेल तर ती आधी सीटीआरआय या देशाच्या नोंदवहीत नोंदवावी लागते. ही नोंदवही २००७ मध्ये सुरू झाली आणि २००९ पासून औषध-चाचण्यांसाठी ती सक्तीची आहे. ती इंटरनेटवर कुणालाही फुकट पाहता येते. आधी नोंद करण्यामागचे कारण साधे आहे. काय तपासणार हे आधीच लिहून ठेवले की, निकाल मनासारखा आला नाही म्हणून तो फडताळात दडवता येत नाही.

माहिती गोळा झाली, हिशेब झाला, निबंध लिहिला, की तो जर्नलकडे जातो. एका वेळी एकाच जर्नलकडे पाठवायचा, हा पहिला नियम. सोबत काही गोष्टी लिहून द्याव्या लागतात : नैतिकता समितीची मंजुरी कधी मिळाली, संमती घेतली का, पैसा कुणी दिला, एखाद्या औषध कंपनीशी लेखकांचे हितसंबंध आहेत का, आणि कुणी कोणते काम केले. संपादक निबंध वाचतो आणि त्याच विषयातल्या दोन-तीन बाहेरच्या तज्ज्ञांकडे तपासायला पाठवतो. याला पीअर रिव्ह्यू म्हणतात. तज्ज्ञ चुका काढतात, प्रश्न विचारतात. लेखक दुरुस्ती करून परत पाठवतो. यात महिने जातात. बरेच निबंध परत येतात आणि त्यात कमीपणा काही नाही. छापल्यावर चूक सापडली तर जर्नल दुरुस्ती छापते. सगळा पायाच चुकीचा निघाला तर निबंध मागे घेते.

शेजारच्या जिल्ह्यातला धडा

ही वाट कागदावर स्वच्छ दिसते. प्रत्यक्षात कठीण प्रश्न उभे राहतात. जामखेडची हद्द ओलांडली की धाराशिव जिल्हा लागतो. तिथे बार्शीचे कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगावर मोठा अभ्यास केला. ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार ७४६ निरोगी स्त्रिया, गावांचे ५२ गट. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी या गटांची चार भागांत वाटणी झाली. तीन भागांतल्या स्त्रियांची वेगवेगळ्या पद्धतीने एकदा तपासणी करायची होती. चौथ्या भागाला नेहमीचीच सेवा, म्हणजे तपासणीची वेगळी सोय नाही.

निकाल २००९ च्या एप्रिलमध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या अमेरिकन जर्नलमध्ये छापून आला. आठ वर्षांच्या काळात एचपीव्ही तपासणी झालेल्या भागात, ३४ हजार १२६ स्त्रियांमध्ये, या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले. तपासणी न झालेल्या भागात, ३१ हजार ४८८ स्त्रियांमध्ये, ६४ मृत्यू झाले. एकाच तपासणीने इतका फरक पडतो, हे जगाला आपल्या भागातल्या बायकांमुळे कळले.

असाच अभ्यास १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये दीड लाखाहून अधिक स्त्रियांवर झाला. तिथे जेमतेम दहावी शिकलेल्या प्रशिक्षित आरोग्यसेविका व्हिनेगर, म्हणजे सौम्य ॲसेटिक आम्ल लावून गर्भाशयाचे मुख तपासत. या स्वस्त तपासणीने मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. तिथेही अर्ध्या स्त्रियांना फक्त आरोग्यशिक्षण मिळाले.

२०१४ मध्ये मुंबईहून निघणाऱ्या 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स'मध्ये एका अमेरिकन डॉक्टरांनी यावर जाहीर आक्षेप घेतला. तपासणीने जीव वाचतात हे जगात आधीच माहीत होते, मग एवढ्या बायकांना तपासणीविना का ठेवले? अशा तीन भारतीय अभ्यासांत तपासणी न मिळालेल्या किमान २५४ स्त्रिया या कर्करोगाने गेल्या, असे त्यांनी मांडले. दुसऱ्या गटाला काय मिळते आणि बाहेर कोणती तपासणी उपलब्ध आहे, हे बायकांना नीट सांगितले होते का, असाही त्यांचा प्रश्न होता. संशोधकांचेही म्हणणे होते. भारतात त्या वेळी अशी तपासणी सरकारी सेवेत कुठेच नव्हती, नेहमीची सेवा म्हणजे तपासणी नसणेच होते, आणि आपल्या परिस्थितीत काय चालते याचा पुरावा मिळाल्याशिवाय सरकार ती सुरू करणार नव्हते.

या वादात कुणाची बाजू किती खरी, यावर जाणकारांत आजही मतभेद आहेत. आपल्यासाठी दोन गोष्टी पक्क्या आहेत. पहिली : हा वाद होऊ शकला, कारण अभ्यास छापला गेला होता, प्रत्येक गटाचा आकडा उघड होता आणि दुसऱ्या जर्नलने आक्षेपाला जागा दिली. दडवलेल्या अभ्यासावर असे प्रश्न विचारताच येत नाहीत. दुसरी : त्या ६४ जणींपैकी प्रत्येक जण कुणाची तरी आई, बहीण, सून होती. कोणत्या गटात आहोत आणि बाकीच्यांना काय मिळणार आहे, हे विचारण्याचा हक्क प्रत्येकीचा होता. तो आपलाही आहे.

आणि याच अभ्यासाचा घरी लावायचा अर्थ असा, की तीस वर्षांपुढच्या प्रत्येक बाईने ही तपासणी करून घ्यावी. आरोग्यवर्धिनी केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात चौकशी करा. काही त्रास नाही म्हणून थांबू नका. हा रोग सुरुवातीला दुखत नाही.

समाजाचे नाव छापताना

निबंधात आपले नाव, पत्ता, चेहरा येता कामा नये. फोटो छापायचा तर त्यासाठी वेगळी लेखी संमती लागते. डोळ्यांवर काळी पट्टी मारली की ओळख लपते, ही जुनी समजूत आता जर्नले मान्य करत नाहीत.

पण एका माणसाचे नाव लपले तरी समाजाचे नाव उरते. सिकलसेलचे उदाहरण घ्या. १९५८ मध्ये नागपूरच्या भागातल्या सिकलसेलची नोंद 'लॅन्सेट'मध्ये आली. त्यानंतर विदर्भातल्या कितीतरी निबंधांत आपल्या समाजाचे नाव जातीसह छापले गेले. त्याचा फायदा झाला. रोग कुठे शोधायचा हे कळले, तपासण्या सुरू झाल्या, २०२३ मध्ये देशपातळीवर सिकलसेल निर्मूलन मोहीम आली. पण त्याच कागदाचा "यांच्या रक्तातच रोग आहे" असा वाईट अर्थही काढता येतो, आणि सोयरिकीच्या वेळी त्याची झळ मुलीला बसते. खरे तर सिकलसेलचे जनुक आफ्रिकेपासून अरबस्तानापर्यंत, जिथे जिथे पिढ्यान् पिढ्या हिवताप होता तिथल्या लोकांत आढळते. जनुकाची एकच प्रत असेल तर ती हिवतापापासून काही प्रमाणात बचाव करते, म्हणून ते टिकून राहिले. त्याचा कुणाच्या उच्चनीचतेशी संबंध नाही. म्हणून जातीचे नाव छापण्याआधी त्याची गरज काय, त्याने रुग्णाचे भले होणार की समाजावर डाग बसणार, हा प्रश्न संशोधकाने स्वतःला विचारला पाहिजे, आणि नैतिकता समितीने त्याला विचारला पाहिजे.

खोटा निबंध किती नुकसान करतो

१९९८ मध्ये ब्रिटनमधल्या अँड्र्यू वेकफिल्ड या डॉक्टरांनी अवघ्या १२ मुलांवरचा निबंध 'लॅन्सेट'मध्ये छापला आणि गोवराची एमएमआर लस स्वमग्नतेशी जोडली. पुढे उघड झाले की लस कंपन्यांवर दावा लावू पाहणाऱ्या वकिलांकडून त्यांना पैसे मिळत होते आणि मुलांची माहितीही निबंधात नीट मांडलेली नव्हती. २०१० मध्ये जर्नलने निबंध मागे घेतला, डॉक्टरांचा परवानाही गेला. पण मधल्या बारा वर्षांत तिथल्या अनेक आई-वडिलांनी मुलांना लस दिली नाही. ती भीती फिरत फिरत आपल्या मोबाइलपर्यंत आली आहे. गोवर मात्र गेलेला नाही. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीच्या वस्त्यांमध्ये गोवराची साथ आली, लहान मुले दगावली. आजारी पडलेल्या अनेक मुलांना लस मिळालेलीच नव्हती.

करोनाच्या काळातही हेच घडले. २२ मे २०२० रोजी 'लॅन्सेट'मध्ये ९६ हजार रुग्णांच्या माहितीवरचा निबंध आला. हायड्रॉक्सिक्लोरोक्वीनने मृत्यू वाढतात, असे त्यात म्हटले होते. ही माहिती एका खासगी अमेरिकन कंपनीने पुरवली होती. तज्ज्ञांनी मूळ कागद मागितले तेव्हा कंपनीने ते दिले नाहीत. दोन आठवड्यांच्या आत, ४ जूनला, निबंध मागे घेतला गेला. पुढे दुसऱ्या, खऱ्या चाचण्यांनी दाखवले की या औषधाचा करोनावर उपयोग होत नाही. तरी खोट्या माहितीवरचा निबंध खोटाच राहिला.

व्हॉट्सॲपवर "संशोधनात सिद्ध झाले" असा मजकूर आला की एवढे पाहावे : कुणी केले, किती माणसांवर, कुठे छापले, आणि ते मागे तर घेतले नाही ना? उत्तर मिळत नसेल तर तो पुढे पाठवू नये.

लिहिणाऱ्या लेकीसाठी

आता वळू घरातल्या नातीकडे, नातवाकडे. ९ मे १९१६ रोजी पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात भारतातल्या जातींवर निबंध वाचला, आणि मे १९१७ मध्ये तो 'इंडियन अँटिक्वेरी' या नियतकालिकात छापला गेला. बाबासाहेबांच्या विचारांची सुरुवातीची छापील पाने अशी जर्नलमधली आहेत. तेव्हा निबंध लिहिणे हे आपल्या मुलांचे काम नाही, असे कुणी म्हटले तर ऐकू नका. एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांसाठी आयसीएमआर छोट्या संशोधनाला छात्रवृत्ती देते. तिची चौकशी पहिल्या वर्षापासून करा.

लिहिताना मात्र काही गोष्टींना धरून राहा.

लेखक कोण, याच्या चार कसोट्या जगभरची वैद्यकीय जर्नले मानतात. अभ्यासाची आखणी, माहिती किंवा विश्लेषण यात मोलाचे काम केलेले हवे. निबंध लिहिण्यात किंवा त्याचा मजकूर गांभीर्याने सुधारण्यात भाग हवा. अंतिम मसुद्याला मान्यता दिलेली हवी. आणि निबंधातल्या प्रत्येक गोष्टीची जबाबदारी घ्यायची तयारी हवी. चारही पाहिजेत. विभागप्रमुख आहेत म्हणून नाव घालणे, मित्राची बढती आहे म्हणून नाव घालणे, याला दानाचे लेखकत्व म्हणतात आणि तो गैरप्रकार आहे. त्याच्या उलट, रात्रंदिवस काम केलेल्या विद्यार्थिनीचे नाव गाळणे हाही गैरप्रकारच आहे. म्हणून नावे कोणती आणि कोणत्या क्रमाने, हे काम सुरू होतानाच सगळ्यांनी बसून लेखी ठरवावे. घरोघर नेणाऱ्या आशाताईंचे काम चार कसोट्यांत बसत नसेल तर निबंधाच्या शेवटी त्यांना विचारून नावानिशी आभार मानावेत.

दुसऱ्याची वाक्ये उचलू नका. आकडे बनवू नका, गैरसोयीचे आकडे गाळू नका. अपेक्षा होती तसे आढळले नाही, तर तेही छापण्यासारखे असते. कृत्रिम बुद्धिमत्तेची मदत घेतली असेल तर जर्नलला तसे सांगा. यंत्र लेखक होऊ शकत नाही, कारण ते जबाबदारी घेऊ शकत नाही. मूळ फॉर्म आणि संमतीपत्रे कुलूपबंद जपून ठेवा.

आणि बनावट जर्नलपासून सांभाळा. "आदरणीय प्राध्यापक, आपला लेख आम्हाला हवा आहे, तीन दिवसांत छापतो" असा ईमेल पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही येतो. लेख पाठवला की मग पैशाचे बिल येते. हैदराबादच्या ओमिक्स या प्रकाशन कंपनीवर अमेरिकेच्या सरकारी व्यापार आयोगाने २०१६ मध्ये खटला भरला. तज्ज्ञांकडून तपासणी केल्याचा खोटा दावा आणि पैशांबाबत लपवाछपवी, असे आरोप होते. २०१९ मध्ये न्यायालयाने कंपनीला ५ कोटी डॉलरहून अधिक रक्कम भरायला सांगितली. खरी जर्नलेही काही वेळा शुल्क घेतात, पण ते आधीच जाहीर करतात आणि अनेक ठिकाणी सवलत मिळते. म्हणून पाठवण्याआधी संपादक मंडळातली माणसे खरी आहेत का ते पाहा. जर्नल पबमेड किंवा डीओएजे या सूचींत आहे का ते तपासा. महाविद्यालयाच्या ग्रंथपालांना विचारा. आई-वडिलांनी कर्ज काढून भरलेल्या फीमधले वीस हजार रुपये अशा जर्नलला देऊ नका. पैसे जातात आणि नावावर कायमचा डाग राहतो.

दारात विचारायचे प्रश्न

पुढच्या वेळी पाहणी करणारे आले तर त्यांना बसायला सांगा, पाणी द्या. अभ्यास चांगला असेल तर माहिती अवश्य द्या, कारण आपल्या वस्तीचे दुखणे मोजले गेले नाही तर ते सरकारला दिसतही नाही. सही करण्याआधी मात्र एवढे विचारा :

१. हा अभ्यास कशासाठी आहे आणि कोणत्या महाविद्यालयाचा किंवा संस्थेचा आहे?

२. नैतिकता समितीची मंजुरी आहे का? तिचा क्रमांक संमतीपत्रावर आहे का?

३. माझे नाव, माझ्या रक्ताचा नमुना, माझा फोटो कुणाला दिसणार?

४. रक्त तपासले तर माझा रिपोर्ट मला मिळणार का? त्यात काही निघाले तर उपचार कुठे होणार?

५. गट पाडले आहेत का? मी कोणत्या गटात आहे? दुसऱ्या गटाला काय मिळणार?

६. काही त्रास झाला तर कुणाला फोन करायचा?

७. निकाल छापून आला की आम्हाला सांगायला कोण येणार?

संमतीपत्राची एक प्रत मागून घ्या आणि रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा.

शेवटचा प्रश्न सगळ्यांत कमी विचारला जातो. जागतिक वैद्यकीय संघटनेने १९६४ मध्ये हेलसिंकी येथे जो जाहीरनामा केला, त्याच्या पुढच्या आवृत्त्यांत हे स्पष्ट लिहिले आहे : अभ्यासात भाग घेतलेल्यांना हवे असेल तर त्याचा निकाल कळला पाहिजे, आणि निराशाजनक निकालही प्रसिद्ध झाला पाहिजे. आपल्या वस्तीत हे करायला फार काही लागत नाही. एक रविवार, विहारातली सतरंजी आणि अर्धा तास मराठीत बोलणे. निबंध लिहिणारी नात याच वस्तीतली असेल तर तिने ही सुरुवात स्वतःपासून करावी. जिच्या दंडातून रक्त घेतले, त्या आजीला आधी सांगावे की त्यातून काय समजले.